कोरा घाव

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्यासारखी शिकलेली माणसं हे 'अ. आ.' एवढ्यात उरकतात. मला मुळात थोडंच लिहिता येतं, तेव्हा जे येतं ते मी पूर्ण लिहिते. फोन करू नकोस हे पुन्हा सांगते. ऐरणीनं तुझ्या आजोबांचे दोन्ही कान खाल्ले आणि माझा एक. उरलेल्या कानात तू बोलतेस ती डब्यात अडकलेल्या माशीसारखी ऐकू येतेस. पत्रच बरं. त्याला ऐकू येत नाही आणि वाचताही येत नाही, म्हणून तुझी सगळी खबर मला हातवारे करून दाखवावी लागते. परवा तुझं पडसं दाखवताना मी इतकी शिंकले की शेजारीण औषध घेऊन आली.

तू गेलीस आणि एक काठी परसात विसरलीस. चेंडूही इथेच आहे. काठी म्हाताऱ्यानं ताब्यात घेतली असून तो तिनं पाठ खाजवतो. इतका सुखावतो की परत मागायला जीव होत नाही. तुमच्या गोल्फच्या मैदानावर हे कुणाला सांगू नकोस.

आता कामाचं. त्या दिवशी तू चेंडू इवल्याशा खुंटीवर ठेवलास, आम्हा दोघांना भिंतीशी बसवलंस आणि काठी फिरवलीस. काठी गेली वरच्या वर. चेंडू जागचा हलला नाही. म्हातारा हसून हसून बाकावरून घसरला. तू मात्र हसली नाहीस. तू म्हणालीस, एक. मग पुन्हा मारलास तो थेट शेजारणीच्या पत्र्यावर, आणि तू म्हणालीस, दोन. चेंडू तिनं आणून दिला, वर चार शब्दही दिले.

ते दोन माझ्या डोक्यातून जाईना. मी माशीवर फडकं उगारलं आणि माशी उडून गेली, तर मी माशी मारली असं कुणी धरत नाही. माशी तर नाहीच नाही. मग जो लागलाच नाही तो फटका तू कशाला मोजलास? बघणारे आम्ही दोघं, एक बहिरा आणि एक अडाणी. आमच्यापुढे तुला कुणाची भीती? तू हिशोबात लहानपणापासून कच्ची, ते मला ठाऊक आहे. पण हे कच्चेपण नव्हतं. एक म्हणताना तुझा चेहरा तराजू हातात धरलेल्या माणसासारखा झाला होता.

काय भानगड आहे ते सविस्तर लिही. माया आहे तेवढी आहे. पत्राच्या शेवटी मागितल्यानं वाढायची नाही.

तुझी आजी


ता. १२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

अक्षरांत काटकसर केली म्हणून रागावू नकोस, पुढे भरपूर लिहिते आहे.

तुझा प्रश्न मी जशाच्या तसा रेफरीबाईंना विचारला. या बाई म्हणजे खेळात तंटा झाला की निकाल देणाऱ्या. अंगानं किडकिडीत, आवाज लहान, पण त्या बोलायला लागल्या की टोपी घातलेले मोठमोठे लोक टोपी काढतात. माशीचं ऐकून त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या की आजींना सांग, आम्ही माशी मोजत नाही, फडकं मोजतो.

नियम असा आहे. चेंडूला मारायच्या इराद्यानं काठी पुढे आणली की तो फटका. लागला की नाही, याचा त्यात उल्लेखच नाही. नुसती सरावासाठी फिरवली आणि धक्क्यानं चेंडू खुंटीवरून पडला, तर मोजत नाहीत. उचलून पुन्हा ठेवायचा. मारायला निघालीस, पण चेंडूपर्यंत पोचायच्या आत मन बदलून काठी आवरलीस, तरी मोजत नाहीत. पण मारायचंच होतं आणि हुकलं, तर एक. चेंडू घरंगळून तिथेच पडला असेल तर तो पुन्हा खुंटीवर ठेवायला मोकळीक आहे, त्याचा दंड नाही. फक्त तो एक पुसला जात नाही.

मी विचारलं की मनात काय होतं हे ठरवायचं कुणी. बाई म्हणाल्या, बऱ्याच वेळा ज्याच्या हातात काठी आहे त्यानंच. पंच प्रत्येकाच्या मागे हिंडत नाहीत. बरोबर खेळणारा आपले फटके कार्डावर लिहितो, पण तोही बाहेरूनच बघत असतो. आजी, मी या मैदानाच्या दुरुस्तीच्या खोलीत काठ्यांच्या मुठी बदलते, सैल झालेली डोकी बसवते. एवढ्या काठ्या हातांखालून गेल्या, पण त्यांच्यावर इतका भार असतो हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी भिंतीला टेकलेल्या त्या सगळ्या काठ्यांकडे मी बराच वेळ बघत बसले होते.

सकाळी पहिल्या खुंटीपाशी काय होतं ते तू एकदा बघायला हवंस. तोवर सगळे बडबडत असतात. एकानं चेंडू ठेवला की सगळे गप्प. गवत कापणारे काकासुद्धा लांबवर यंत्र बंद करतात. एवढं मोठं हिरवं रान, आणि ते एका सुपारीएवढ्या… बरं, लिंबाएवढ्या गोष्टीसाठी श्वास धरतं. माझी पाळी येते तेव्हा आधी मी आपला कोरा घाव घालते, न लावता नुसता फिरवलेला, तू ऐरणीवर घण फिरवायचीस तसाच, चेंडूच्या थेट वरून, वीतभर उंच. बाकीचे सराव करतात तो चेंडूपासून बाजूला. माझा बघून पहिले काही महिने सगळे हसायचे. आता सगळ्यांना ठाऊक झालंय. ठिणगीचा कोरा घाव होऊ दे, मग बघा, असं म्हणत थांबतात.

खरी बातमी शेवटी ठेवली. सात मार्चला निवड आहे. पहिल्या चौघींना संघात घेतात आणि वर्षभर शिकवायला माणूस देतात. दुरुस्तीच्या खोलीतून अर्ज करणारी मी एकटीच. पुढच्या निवडीला मी वयात बसत नाही, म्हणजे झालं तर हेच. आजोबांना नीट दाखव, शिंका न देता.

तुझ्या रागाची सवय आहे, तो असाच राहू दे.

तुझी ठिणगी


ता. २० फेब्रुवारी

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकदा अक्षरं लावायला वाचलं आणि मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा वाचलं.

हे ठरवलं कुणी? मला वाटायचं, पोट भरलेली माणसं अन्न जिरवायला गवतात हिंडतात. त्यांच्यातल्याच कुणीतरी बसून हे ठरवलं की लागलं नाही तरी मोजायचं, आणि मोजूनही चेंडू पुन्हा ठेवू द्यायचा. दोन्ही! चूक धरणारी माणसं मी खूप पाहिली, ती मग उभं राहू देत नाहीत. पोटाशी धरणारीही पाहिली, ती म्हणतात चूक झालीच नव्हती. दोन्ही एका वेळी करणारा माणूस मला या वयापर्यंत भेटलेला नाही. भांडी घासता घासता मी थांबले आणि पाणी वाहून गेलं.

म्हाताऱ्याला नियम सांगायला गेले. काठी फिरवल्याचं दाखवलं, हुकल्याचं दाखवलं, छातीवर हात ठेवून मनातलं दाखवलं. त्यानं सगळं नीट पाहिलं, मान डोलावली, आणि झाडू आणून अंगण झाडायला लागला. मी नाद सोडला. तुझी निवड मात्र कळली. तेव्हापासून रोज सकाळी दोन बोटं मिटून फटकन उघडतो, म्हणजे ठिणगीचं काय झालं. मी रोज सांगते, अजून नाही.

तू कोऱ्या घावाचं लिहिलंस म्हणून सांगते. तो कुठून आला हे तुला ठाऊक नसेल. लग्नानंतर वर्षभरात भट्टीवरचा गडी सोडून गेला आणि घण मारायला माणूस मिळेना. म्हाताऱ्यानं, तेव्हा तो म्हातारा नव्हता, घण माझ्या हातात दिला. तो सांडशीत तापलेलं लोखंड धरून ऐरणीशी बसणार, लहान हातोडीनं जागा दाखवणार, आणि मी उभी राहून घण घालणार. त्याची बोटं कुठे, तर माझ्या घणापासून हातभर. मी म्हटलं मला जमायचं नाही, हात तुटेल तुमचा. तो म्हणाला आधी कोरा घाल. लोखंड भट्टीतच असताना ऐरणीच्या वरून घण नुसता फिरवायचा आणि अंतर अंगात भरून घ्यायचं. मग लोखंड बाहेर यायचं, आणि मग खरा.

पण कधी कधी लोखंड ऐरणीवर आल्यावरही मला धीर व्हायचा नाही आणि मी कोराच घालायचे. तेव्हा तो सांडस हलवायचाही नाही. खरा असला की मात्र मूठ आधीच आवळलेली असायची. मी तोंडानं काही सांगत नसे. भात्याच्या आणि घणाच्या आवाजात सांगणार तरी काय? एकदा विचारलं की तुम्हाला कळतं कसं. म्हणाला, टाच. खऱ्याला माझी डावी टाच आधी उचलते, कोऱ्याला जमिनीवर राहते. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. माझ्या मनातलं माझ्या आधी त्याला कळायचं, आणि त्यावर तो आपली बोटं ठेवून बसायचा. त्याची दहाच्या दहा बोटं आज शाबूत आहेत. ती मोजताना मला अजूनही अंगावर काटा येतो. हे त्याला सांगणार नाही, चढून बसेल.

तुझी टाच उचलते का ते बघ. उचलत असणार. सात तारखेला खाऊन जा, रिकाम्या पोटी नेम हलतो. जीव तुझ्यात आहे हे तुला ठाऊक आहे, पुन्हा पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुझी आजी


ता. ९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

माझी निवड झाली नाही. एका फटक्यानं राहिले. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू धीरानं वाचशील.

खाऊन गेले होते. सुरुवात इतकी चांगली झाली की माझं मलाच नवल वाटत होतं. माझं कार्ड लिहायला दातांच्या डॉक्टरची मुलगी होती. चांगली खेळते, आणि चौथ्या जागेसाठी आम्हा दोघींतच चुरस होती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. खेळ अर्धाही झाला नव्हता तेव्हा एका खुंटीवर मी चेंडू ठेवला. वारा पडला होता. सगळे गप्प झाले. मला एकदम वाटलं की आज अंतर अंगात आहे, कोऱ्याची गरज नाही. सरळ खराच घातला. आणि हुकला.

चेंडू हललाही नाही. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सगळे नेहमीसारखे थांबून राहिले, कारण त्यांच्या दृष्टीनं तो माझा कोरा घाव होता आणि खरा अजून यायचा होता. मागे कुणीतरी पुटपुटलं की आता बघा. मी पुन्हा काठी उचलली आणि मारला, तो असा गेला, आजी, असा गेला की तो उतरेपर्यंत सगळ्यांच्या माना वरच राहिल्या. मग टाळ्या. त्या टाळ्यांत मी चालायला लागले.

पायांखाली गवत होतं आणि डोक्यात एकच गोष्ट. माझी टाच उचलली होती. मला पक्कं आठवत होतं, बुटातली टाच वर गेल्याचं. त्या सगळ्या लोकांत ती कुणालाच दिसली नाही, कारण माझ्या घणाखाली कुणी बसलेलं नव्हतं. एवढ्या उजेडात, एवढ्या डोळ्यांसमोर झालेली गोष्ट आणि ती फक्त मला माहीत! भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू. देवळात एकटंच सापडावं तसं काहीतरी वाटलं.

पुढच्या तीन फटक्यांत चेंडू झेंड्याखालच्या खड्ड्यात पडला, तिथवरचे फटके मोजतात. डॉक्टरच्या मुलीनं कार्डावर लिहिता लिहिता म्हटलं, चार. मी म्हटलं, पाच. तिनं बोटांवर फटके मोजले आणि हसून म्हणाली की कोरा धरू नकोस गं. मी म्हटलं तो कोरा नव्हता. तिला पटेना. तिनं बाकीच्यांना विचारलं, तेही म्हणाले की आम्ही पाहिलाय, कोराच होता, हिची सवयच आहे. बघ कशी गंमत. सगळे माझ्या बाजूनं भांडत होते आणि मी एकटी माझ्या विरुद्ध. सगळ्यात जोरात भांडत होती ती, जिची जागा त्या एका फटक्यावर होती. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी रेफरीबाई आल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मला एवढंच विचारलं की काठी निघाली तेव्हा मारायचं होतं का. मी म्हटलं, होतं. त्या म्हणाल्या, पाच.

तो एक नसता तर आमची बरोबरी झाली असती. बरोबरीत शेवटच्या अर्ध्या खेळाचं बघतात आणि त्यात मी पुढे होते. म्हणजे जागा माझी होती. गवत कापणाऱ्या काकांनी यंत्र थांबवून मला विचारलं की डोकं ठिकाणावर आहे का. काल रेफरीबाई दुरुस्तीच्या खोलीत आल्या. स्वतःची काठी मूठ बदलायला दिली आणि काम होईपर्यंत माझ्यासमोर उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या बाई, बसू का म्हणाल्या असत्या तर मला सुचलं असतं, मी स्टूलसुद्धा दिलं नाही.

आजी, रडू आलं ते घरी आल्यावर, आणि चांगलंच आलं. पुढच्या निवडीला मी नाही, हे आता कळतंय. मला शहाणी म्हणू नकोस आणि मूर्खही म्हणू नकोस. आजोबांना हे कसं दाखवशील ते मला सुचत नाही. रोज दोन बोटं उघडत असतील.

दोघांच्या पायाशी आहे, तिथेच राहू दे.

तुझी ठिणगी


ता. १७ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

शहाणी म्हणत नाही, मूर्खही म्हणत नाही. दोन्ही मनात आलं होतं, ते गिळलं. तुझी जागा गेली, ती गेली. त्यावर गोड बोलणार नाही, गोड बोलून जागा परत येत असती तर मी पत्राला मध लावून पाठवलं असतं. स्टूल न दिल्याबद्दल मात्र तुला ऐकवणार आहे, इथे आलीस की.

पत्र आलं तेव्हा तो समोरच होता. लगेच दोन बोटं उघडली. मी काहीच दाखवू शकले नाही. नाही म्हणून मान हलवली असती तर त्याला वाटलं असतं तू खेळलीसच नाहीस, किंवा वाईट खेळलीस. आणि जे झालं ते हातांनी कसं दाखवायचं? एकदा झाडू घेऊन आला होता, आता बादली घेऊन आला असता. दिवसभर मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

मग संध्याकाळी उन्हं कलल्यावर त्याच्या हातातून तुझी काठी काढून घेतली. परसात जुनी ऐरण आहे, तिच्यापुढे जमिनीवर बोल्टचा एक मोठा नट ठेवला आणि त्याच्यावर तुझा चेंडू. म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं. तो भिंतीशी बसायला निघाला, मी त्याला नेहमीच्या जागी बसवलं, ऐरणीच्या जवळ, पूर्वी बसायचा तिथे. त्यानं वर बघितलं. किती वर्षांनी मी त्याच्यासमोर अशी उभी होते, ते दोघांच्याही लक्षात आलं असणार. गुडघे आता बोलतात माझे. मी त्यांना गप्प बसवलं.

दोन बोटं मिटून उघडली, म्हणजे हे ठिणगीचं सांगते आहे. त्यानं मान डोलावली. मग मी कोरा घातला, चेंडूच्या वरून, वीतभर उंच. तो माझ्या हातांकडे बघतच नव्हता, ठिणगे. काठीकडे नाही, चेंडूकडे नाही. माझ्या पायाकडे बघत होता. काठी फिरून थांबली आणि त्यानं मान हलवली, नाही. हा नाही.

आता हुकलेला दाखवायचा होता. माझ्या मनात होतं की आधी एक नीट मारून दाखवावा, मग मुद्दाम हुकवावा. म्हणून मी चांगला मारायच्या बेतानं काठी उचलली, अंगात होतं नव्हतं ते सगळं लावलं, आणि काठी गेली वरच्या वर. मुद्दाम नाही. खरीखुरी हुकली. माझा तोल गेला तो मी ऐरणीला धरून सावरला. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. तिला वाटलं असेल म्हातारी डास मारते आहे.

म्हातारा हसला नाही. मागे तुझ्या वेळी बाकावरून घसरला होता तोच माणूस. त्यानं चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एक बोट वर केलं.

एक.

त्याला कुणी सांगितलं? कानांत काही जात नाही, कागदावरचं कळत नाही, नियम समजावला तर झाडू घेऊन येतो. मी दोन बोटं पुन्हा उघडून रस्त्याकडे दाखवलं, म्हणजे तिचंही असंच झालं, लांब, तिथे. तो बराच वेळ बोट तसंच वर धरून बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की धूर जाऊन जाऊन ते असेच झालेत, मला सांगता येत नाही, आणि मी विचारलंही नाही. तुझं पत्र त्याच्यापर्यंत पोचलं होतं एवढं खरं. तुझी जागा गेल्याचंही पोचलं.

मी काठी ठेवायला लागले तर त्यानं मान हलवली. चेंडू नटावर एका अंगाला सरकला होता. एक बोट वरच ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं तो नीट बसवला. हात मागे घेतला तो एवढासाच. माझ्या काठीपासून हातभर.

दोन्ही करणारा माणूस भेटला नाही असं मी तुला लिहिलं होतं. ती ओळ खोडून टाक.

आजही काठी शेजारी ठेवली आहे, तो परसात वाट बघतो आहे, माझी टाच आत्ताच उचलली आहे. पत्र पुरे.

तुझी आजी